हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी माणसाला स्वतःलाच खटपट करावी लागावी, हा प्रसंग एखाद्या प्रहसनात शोभण्यासारखा आहे. परंतु निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकावर तो वर्षातून एकदा येतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांच्या बाबतीत नोव्हेंबर हा त्याचा महिना. ‘हयातीचा दाखला’ या नावाने ओळखला जाणारा तो कागद बँकेत पोचला तर पुढचे वर्ष सुरळीत जाते. न पोचला तर वेतन थांबते. यात सरकारचा दुष्टावा नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जाऊ नयेत, ही काळजी सार्वजनिक पैशाच्या राखणदाराने घ्यायलाच हवी.

पूर्वी या दाखल्याची रीत सोपी होती. निवृत्त मनुष्य कोषागारात किंवा बँकेत जाई, खिडकीसमोर उभा राही, कारकून चष्म्यावरून त्याच्याकडे पाही, नाव विचारी, सही घेई, आणि काम होई. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे तत्त्व सरकारी दप्तरातही मानले जात होते. ज्याला जाणे शक्य नसे त्याच्यासाठी एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याने ‘हे गृहस्थ आज माझ्यासमोर हजर होते’ असे लिहून दिले की भागे. मीही अशा दाखल्यांवर सह्या केल्या आहेत. खाटेवर पडलेल्या वृद्धाच्या उशाशी बसून ती सही करताना घरातली माणसे चहा आणीत, आणि तो वृद्ध आपल्या नोकरीतल्या एखाद्या जुन्या साहेबाची आठवण काढी. चहाचा आणि आठवणींचा सरकारी कामाशी काही संबंध नव्हता हे खरे. पण एका जिवंत माणसाने दुसऱ्या जिवंत माणसाकडे पाहिले, हा त्या दाखल्याचा पुरावा होता.

मी हे बोलतो आहे ते जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स या वस्तीसंबंधी. ब्रिटिशांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत एक ठरावीक मांडणी केली: जुने शहर एका बाजूला, लष्करासाठी छावणी दुसऱ्या बाजूला, आणि मुलकी अधिकाऱ्यांसाठी झाडांच्या सावलीतली, रुंद रस्त्यांची सिव्हिल लाइन्स. जबलपुरातही ती आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशासाठी जबलपूरला आले. मराठी माणसे तर येथे त्याही आधीपासून, नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, होती. शहरात १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना आहे, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, १९६९ पासून लष्करी वाहनांचा कारखाना आहे, रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. तेव्हा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची या गावात मुळीच वाण नाही. नोव्हेंबर महिन्यात येथील बँकांच्या दारांत पांढऱ्या केसांची जी गर्दी दिसते, तीवरून या गावाची सगळी नोकरदार परंपरा वाचता येते.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली. हयातीचा दाखला आता संगणकाद्वारे देता येऊ लागला. यंत्रावर बोट ठेवायचे, आधार क्रमांकाशी ते जुळले की दाखला आपोआप वेतन देणाऱ्या कार्यालयाकडे जायचा. २०२१ च्या नोव्हेंबरात याच्याही पुढचे पाऊल पडले: बोटाऐवजी चेहरा दाखवला तरी चालेल, आणि तोही घरबसल्या, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर. ही सोय किती मोठी आहे हे मुलाकडे परदेशात जाऊन राहिलेल्या निवृत्तांना विचारावे. गुडघ्याने अधू झालेल्या माणसाला बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हेही थोडे नव्हे. तेव्हा नव्या यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी येथे आलेलो नाही. मला बोलायचे आहे ते एका वेगळ्याच गोष्टीविषयी. ही सोय एकाच कुंपणाच्या आत राहणाऱ्या दोन वृद्धांच्या वाट्याला दोन निरनिराळ्या रूपांत येते, ती का?

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांची रचना आपण पाहिली असेल. पुढे मोठा ओटा, मागे प्रशस्त आवार, आणि आवाराच्या टोकाला नोकरांसाठी बांधलेल्या खोल्यांची एक ओळ. तिला येथे आउटहाऊस म्हणतात. बंगल्यांपैकी पुष्कळ आता पाडले गेले आहेत आणि त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. पण काही अजून उभे आहेत, आणि खोल्यांच्या त्या ओळीही आहेत. माझ्या परिचयाच्या एका आवारात पुढच्या बंगल्यात दूरसंचार खात्यातले एक निवृत्त अभियंते राहतात आणि मागच्या खोलीत त्याच घरी आयुष्यभर धुणीभांडी केलेली एक बाई राहतात. दोघांचेही वय ऐंशीच्या आगेमागे. दोघांच्याही घरात मोबाईल आहे. आकडेवारीत दोन्ही घरे ‘मोबाईलधारक कुटुंबे’ म्हणून एकाच रकान्यात पडतील.

अभियंत्यांना यंत्राचे वावडे असण्याचे काहीच कारण नाही. जबलपुरात १९४२ पासून दूरसंचाराचे शिक्षण देणारी संस्था आहे. आज ती भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि देशभरचे तार व दूरध्वनी खात्याचे अधिकारी पिढ्यान् पिढ्या येथे शिकून गेले. हे गृहस्थ तेथे शिकवीत असत. खटाखट आवाज करीत फिरणाऱ्या जुन्या दूरध्वनी केंद्राचा बिघाड ते नुसत्या कानांनी ओळखीत. अशा माणसाला बँकेचे ॲप चालवता येत नाही म्हणून कोणी अडाणी म्हणू लागला तर त्याच्याच अकलेची कीव करावी लागेल. त्यांचे स्वतःचे निदान मला फार नेमके वाटते. ते म्हणाले, “यंत्र मला कळते हो. पण ते माझ्यासाठी थांबत नाही. मी चष्मा शोधून संदेशातले सहा आकडे वाचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. आणि एकदा शिकलो, तर पुढच्या महिन्यात पडदा बदललेला. काल डाव्या कोपऱ्यात असलेले बटण आज उजवीकडे. आमच्या खात्यात असे कोणी केले असते तर मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली असती.”

तरीपण त्यांचे काम अडत नाही. पुण्याला नात आहे. ती दूरूनच पडद्याकडे पाहत सूचना देते. मोटार चालवणारा मुलगा हुशार आहे. बँकेतले व्यवस्थापक त्यांना नावाने ओळखतात. म्हणजे यंत्राने जे दार बंद केले ते त्यांच्यासाठी उघडून देणारी तीन माणसे आजूबाजूला उभी आहेत.

मागच्या खोलीतल्या बाई मूळच्या बालाघाटकडच्या. त्यांची मराठी हिंदीच्या पाण्यात बरीच मुरलेली आहे. त्यांना मिळते ते नोकरीचे निवृत्तिवेतन नव्हे, तर दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मिळणारे. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आज तिला इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना म्हणतात. तीत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ८० वर्षांनंतर ५०० रुपये असतो. वरची भर राज्य घालते. एवढ्या रकमेसाठी बाईंना आपला आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि मध्य प्रदेशात प्रत्येकाला दिला जाणारा ‘समग्र’ क्रमांक ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली ठेवावी लागतात. आणि पैसे काढताना कियोस्कवरच्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. हा अंगठाच मुळात अडतो. “बाबू म्हणतो, आजी, तुमचा अंगठा लागत नाही. लागंल कसा? तो तर भांड्यांनी खाऊन टाकला,” असे बाई म्हणतात.

हे बाईंचे बोलणे शब्दशः खरे आहे. बोटांच्या टोकांवर ज्या बारीक रेषा असतात त्या उंचवट्यांच्या रेषा आहेत. यंत्र त्या उंचवट्यांचा आणि मधल्या खाचांचा नकाशा टिपते. वय वाढले की त्वचेची लवचीकता जाते, ती कोरडी पडते, आणि यंत्राच्या काचेवर तिचा ठसा नीट उमटत नाही. हे सर्वच वृद्धांचे होते. परंतु ज्यांनी राख आणि साबणाने भांडी घासली, चुन्यात आणि सिमेंटात हात घातले, विटा वाहिल्या, विड्या वळल्या, त्यांच्या या रेषा म्हातारपणाची वाट न पाहताच झिजलेल्या असतात. लेखणी धरणाऱ्या माझ्यासारख्याचे बोट यंत्र चटकन ओळखते. म्हणजे ज्याने हातांनी सर्वांत अधिक काम केले त्याच्याच हातांवर हे यंत्र सर्वांत कमी विश्वास ठेवते. ही योजना आखणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते. पण मनात नसलेल्या गोष्टींचा परिणाम कमी होतो असे नाही.

चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे खरी. तिच्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल आणि इंटरनेट लागते. बाईंच्या घरातला मोबाईल बटणांचा आहे आणि तोही पुतण्याच्या नावावर. आधारला जोडलेला क्रमांक जुना, पैसे न भरल्यामुळे बंद झालेला. आता त्या क्रमांकावर येणारा सांकेतिक आकडा, ज्याला सगळा देश ओटीपी म्हणतो आणि ज्याला मराठीत नाव देण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही, तो कोणाच्या खिशात वाजत असेल कोण जाणे. क्रमांक बदलायचा तर आधार केंद्रावर जाऊन पुन्हा बोटे द्यायची. विहिरीत पडलेला दोर काढायला विहिरीतच उतरावे, तसा हा प्रकार.

येथे मला थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्रे काही आजच आलेली नाहीत. तार हे त्या काळचे किती अद्भुत यंत्र होते! पण तार करण्यासाठी कोणालाही मोर्सची लिपी शिकावी लागली नाही. खिडकीवरचा बाबू मजकूर घेई, शब्द मोजी, चार शब्द कमी करून आपले पैसेही वाचवी. दूरच्या गावी फोन करायचा तर ट्रंक कॉल नोंदवायचा, आणि पलीकडची ऑपरेटर बाई तो जोडून देई. मनीऑर्डर आणणारा पोस्टमन म्हातारीला पैसे मोजून देई, कुपनावरचा मजकूर वाचून दाखवी, अंगठा घेई आणि साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही घेई. कचेरीबाहेर झाडाखाली टंकलेखक बसे. त्याला दोन वाक्यांत दुःख सांगितले की तो त्याचा अर्ज करून देई. नंतरच्या काळात गल्लोगल्ली एसटीडी बूथ आले, तेथेही आकडे फिरवून देणारा कोणीतरी होताच. या सर्व यंत्रांचा एक भाग लोखंडाचा होता आणि एक भाग माणसाचा होता. वृद्धाचा, निरक्षराचा, आंधळ्याचा संबंध येई तो माणसाच्या भागाशी.

आज यंत्र अधिक अवघड झाले आहे असे मला वाटत नाही. ट्रंक कॉलचे केंद्र आजच्या मोबाईलपेक्षा काही सोपे नव्हते. झाले आहे ते इतकेच की मधला माणूस काढून घेतला आणि त्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये गेली. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. यातले बरेच बदल अपरिहार्य होते, आणि गेलेल्या गोष्टींसाठी उसासे टाकणे हा माझा स्वभाव नाही. माझी हरकत हिशेबाच्या एका पद्धतीवर आहे. एखादी खिडकी बंद केली की किती वेतन वाचले हे फायलीत लिहिता येते. ती बंद झाल्यामुळे म्हातारीने ई-रिक्षाला दिलेले दोन खेपांचे भाडे, सुनेने काढलेली अर्ध्या दिवसाची रजा, कियोस्कवाल्याच्या हातावर ठेवलेले दहावीस रुपये, हे कोणत्याच फायलीत येत नाहीत. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो फक्त सरकारच्या वहीतून गरिबाच्या कनवटीला गेलेला असतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: शिकावे त्यांनी! शिकण्याला वय नसते, असे आपण शाळेच्या भिंतीवर लिहीत आलो आहोत. उत्तर चांगले आहे. मात्र ते देणाऱ्यांनी एका शासकीय योजनेची पात्रता वाचून पाहावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रामीण भागातल्या ६ कोटी लोकांना संगणक आणि मोबाईल वापरायला शिकवण्यासाठी ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ मंजूर झाले. मार्च २०२४ पर्यंत ते चालले आणि ठरलेल्या संख्येपेक्षाही अधिक लोक त्यात शिकले. हे काम सामान्य नव्हे. पण त्याची वयोमर्यादा होती १४ ते ६०, आणि एका घरातून एकच जण. म्हणजे ज्या साठाव्या वर्षी सरकार माणसाला वृद्ध म्हणून वेतन देऊ लागते, त्याच साठाव्या वर्षी ते वेतन मिळवण्याची विद्या शिकवणे बंद करते! ही विसंगती कोणी मुद्दाम योजली नसेल. दोन विभागांच्या दोन फायली एकमेकींना भेटल्या नाहीत, इतकेच. आमच्या व्यवसायात हे वरचेवर घडते.

शिवाय, शिकण्याचा पाया काय आहे तेही पाहावे लागेल. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक १० कोटी ३८ लाख होते. त्यांच्यातले साक्षर सुमारे ४४ टक्के. १९९१ मध्ये हे प्रमाण २७ टक्के होते, तेव्हा प्रगती निश्चित आहे. पण पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या मोजल्या तर पुरुषांत ५९ आणि स्त्रियांत अवघे २८ टक्के, असे ते चित्र होते. ‘वृद्ध’ या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळी माणसे कोंबतो हे यावरून ध्यानात यावे. निवृत्त अभियंता आणि अक्षरशत्रू विधवा यांच्यात वयाखेरीज समान असे फारसे नसते, आणि यंत्रापुढची त्यांची अडचणही एक नसते. एकाला अधिक वेळ आणि मोठी अक्षरे पुरतील. दुसरीला माणूसच हवा.

वृद्धांना शिकवता येत नाही असे मात्र नाही. केरळातल्या पुल्लमपारा या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये आपले सर्व गाव डिजिटल साक्षर केल्याचे जाहीर केले. तेथील तरुण घरोघर गेले, रोजगार हमीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत गेले आणि झाडाखाली बसून म्हाताऱ्यांना शिकवू लागले. पुढे तोच प्रयोग राज्यभर झाला आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी सगळे केरळ राज्य डिजिटल साक्षर घोषित झाले. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले गृहस्थही होते. या यशाचे रहस्य मला असे दिसते की त्यांनी म्हाताऱ्यांना वर्गात बोलावले नाही, वर्गच म्हाताऱ्यांकडे नेला. आणि केरळात अक्षरओळख आधीच घराघरांत पोचलेली होती, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल वृद्ध माणसे सहसा बोलत नाहीत. जुन्या काळी बाईंचे पासबुक ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली असे. खात्यात किती आहे हे तिला आणि पोस्टाच्या बाबूलाच ठाऊक. आज खात्याची किल्ली म्हणजे चार आकड्यांचा गुप्त क्रमांक, आणि तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिला आपले खाते उघडताच येत नाही. मुलगा सज्जन असला तर उत्तमच. नसला तर? आणि सज्जन असला तरी, “अरे, जरा बघ ना आले का पैसे,” असे महिन्यातून चार वेळा म्हणताना आवाज आपोआप खालच्या पट्टीत जातो. ज्याने घर चालवले त्याला आपल्याच पैशाची चौकशी याचकासारखी करावी लागते. या अवघडलेपणाचा फायदा घेणारे भामटेही आहेत. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून, मोबाईलच्या पडद्यावरच माणसाला ‘अटक’ करून लुबाडण्याचे प्रकार २०२४ मध्ये इतके वाढले की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मधून पंतप्रधानांना त्याविषयी सावध करावे लागले. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. पण ज्याने आयुष्यभर सरकारी कागदाला मान दिला, त्या पिढीला पडद्यावरची राजमुद्रा खोटी असेल अशी शंका येत नाही. भामट्याने हेरला आहे तो तिचा अडाणीपणा नव्हे, तिचा सरकारवरचा विश्वास.

आता नियमांकडे वळू. आपल्याकडे नियमांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सत्तर वर्षांवरील ग्राहकांना आणि अपंगांना घरी येऊन पैसे देण्याघेण्याची, हयातीचा दाखला स्वीकारण्याची सेवा द्यावी असे बँकांना सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने कोणाला लाभापासून वंचित ठेवू नये असे बजावले. २०२० च्या नोव्हेंबरात टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेने पोस्टमनमार्फत घरपोच हयातीचा दाखला देण्याची सेवा ७० रुपये शुल्क आकारून सुरू केली. येथे मधला माणूस परत आला, हे मला विशेष आनंदाचे वाटते. २०२१ मध्ये या दाखल्यासाठी आधारची ओळख ऐच्छिक ठरवण्यात आली. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करू न शकणाऱ्या आम्लहल्लापीडितांच्या आणि अंधांच्या अर्जांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे सांगितले.

इतके असूनही बाईंचा अंगठा अडतो तो अडतोच. याचे एक कारण अगदी साधे आहे. यंत्राला पर्याय असल्याची माहिती बहुधा यंत्रावरच ठेवलेली असते. ज्याला संकेतस्थळ उघडता येत नाही त्याच्यासाठी असलेली सवलत संकेतस्थळावर छापणे म्हणजे आंधळ्यासाठी फलक लावणे. खिडकीवरच्या तरुणाला नियम माहीत नसतो, किंवा माहीत असला तरी त्याच्या पडद्यावर ‘ठसा जुळला नाही, तरी पुढे जा’ असे बटणच नसते. नियम माणसांसाठी लिहिलेला आणि यंत्र दुसऱ्याच कोणी बनवलेले.

हा प्रश्न केवळ गरीब देशाचा आहे, असेही नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरी कार्लोस सान हुआन नावाचे निवृत्त शल्यवैद्य राहतात. कंपवाताने त्यांचा हात थरथरतो. बँकांनी खिडक्या कमी करून सारे काही पडद्यावर नेले तेव्हा त्यांनी एक अर्ज लिहिला. ‘मी म्हातारा आहे, मूर्ख नव्हे’ हे त्याचे ब्रीदवाक्य. काही आठवड्यांत ६ लाखांहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो अर्ज सरकारदरबारी पोचला आणि त्याच महिन्यात बँकांना खिडकीची वेळ वाढवण्याचे, वृद्धांना अग्रक्रम देण्याचे लेखी वचन द्यावे लागले. ब्रिटनमध्ये जुन्या तारांचे दूरध्वनी २०२५ अखेर बंद व्हायचे होते. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली संकटसूचक बटणे त्याच तारांवर चालतात हे ध्यानात आले आणि ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे न्यावी लागली. दोन्ही ठिकाणी यंत्र मागे हटलेले नाही. त्याला थोडे थांबायला लावले गेले, एवढेच.

आपल्याकडे काय करता येईल? मी सरकारी नोकर असल्यामुळे माझी कल्पनाशक्ती रजिस्टरापलीकडे फारशी धावत नाही. तेव्हा माझी सूचनाही एका रजिस्टराचीच आहे. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या डिजिटल दाखल्यांची देशव्यापी मोहीम निघते. २०२२ साली ती ३७ शहरांत होती, २०२३ साली १०० शहरांत. किती दाखले झाले याचा आकडा रोज प्रसिद्ध होतो. पण यंत्रावर बोट ठेवून जे परत गेले त्यांचा आकडा कोठे असतो? यश यंत्र आपोआप नोंदवते. अपयश म्हातारीबरोबर घरी जाते. प्रत्येक बँकेत, प्रत्येक कियोस्कवर, प्रत्येक शिधावाटप दुकानात एक साधी वही ठेवावी. ठसा न जुळल्यामुळे कोण परत गेले, त्यांना दुसरा कोणता मार्ग सांगितला, काम केव्हा झाले, या तीन गोष्टी तीत लिहाव्यात आणि महिनाअखेर ती वही वरिष्ठाने पाहावी. जे मोजले जात नाही ते वरिष्ठांच्या बैठकीत येत नाही, आणि बैठकीत न आलेली गोष्ट सरकारच्या दृष्टीने घडलेलीच नसते. अशा वहीची चार पाने भरली तरी यंत्रात ते हरवलेले बटण बसवण्याची बुद्धी कोणाला तरी होईल.

सैन्याच्या आणि संरक्षण कारखान्यांच्या निवृत्तांसाठी जी नवी संगणकीय व्यवस्था आहे तिचे नाव ‘स्पर्श’ असे आहे. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते केले आहे. नाव मोठे सुंदर निवडले. जबलपूरच्या कारखान्यांत लोखंडाशी झटून हातांना घट्टे पडलेली हजारो माणसे त्या व्यवस्थेत आहेत, आणि तिच्या साहाय्यासाठी सेवाकेंद्रेही उघडली आहेत. ती केंद्रे कायम राहावीत, त्यांत बसणाऱ्या माणसाला वेळ असावा, एवढेच मागणे आहे.

जाता जाता काही उपयोगाची माहिती सांगतो. आकाशवाणीवरून ती सांगण्यात विशेष अर्थ आहे, कारण रेडिओला गुप्त क्रमांक लागत नाही. केंद्र सरकारच्या ज्या निवृत्तांचे वय ८० किंवा त्याहून अधिक आहे त्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबरच्या गर्दीत जाण्याचे कारण नाही. बँकेत स्वतः जाऊन कागदावर सही करून दाखला देण्याची जुनी रीत बंद झालेली नाही. ती कोणी नाकारली तर शाखा व्यवस्थापकांना भेटावे. घरी येण्यासाठी पोस्टमनला सांगता येते. आणि काहीच उमगेनासे झाले तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून चालू असलेला एक राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. तो लावायला पैसे पडत नाहीत. क्रमांक लिहून घ्यावा: एक, चार, पाच, सहा, सात. बटणांच्या साध्या फोनवरूनही तो लागतो.